गोठ्यामागची भिंत आणि आमचा कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसात रिपोर्टचा एक ठरलेला साचा आहे. त्यात खडकाचा प्रकार येतो, फटींची दिशा येते, एक आकडा येतो आणि शेवटी सरांची सही येते. पण साइटवर जे घडतं त्यातलं निम्मं या साच्यात बसतच नाही. ते जाणार कुठं? माझ्याकडं साठत जातं. मग चहाला कुणी समोर बसलं की मी सुरू होते आणि समोरच्याचा चहा गार होतो.

आधी आम्ही करतो काय ते सांगते, म्हणजे मधेच विचारायला नको. बारामतीत भिगवण रस्त्याला एका टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन. जाधव सर, ज्यांनी आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर घरी बसायला नकार दिला. विकास, जो ड्रोन उडवतो आणि गाडीही तोच चालवतो. आणि मी, कॉम्प्युटरवर. खाणीची भिंत, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, कालव्याकडेचा कडा, असलं काही उभं राहील की खाली येईल हे आम्ही कॉम्प्युटरवर तपासून सांगतो.

माझी आई इंदापूरला असते. नोकरी लागली तेव्हा तिला हे सगळं मी अगदी हौसेनं समजावलं. तिनं भाजी निवडता निवडता पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी दरड पडली तर तुमचं बरोबर, का न्हाय पडली तर?"

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, आईंना म्हणावं प्रश्न फार चांगला आहे. एवढंच म्हणाले.

*

आता ती भिंत. लासुर्ण्याच्या पुढं माळावर एक जुनी दगडाची खाण आहे. काम कधीच बंद पडलंय. उरलीय ती तिमजली इमारतीएवढी काळ्या खडकाची उभी भिंत. तिच्या अगदी पायथ्याला, पाठ टेकून बसावं तसा, जागेचे मालक तात्या, त्यांचा गोठा. एकदा पावसात वरून दोन-चार धोंडे आले, एक पत्र्यातून आत पडला. गाईंना काही झालं नाही, पण सरपंचांनी घाबरून आम्हाला बोलावलं. गोठा तिथं ठेवायचा की हलवायचा, एवढंच सांगा म्हणाल्या.

गोठा तिथं कुणी बांधतं का, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. दुपारी उत्तर मिळालं. एप्रिलचं ऊन, माळ नुसता तापलेला, आणि त्या भिंतीखाली मात्र गार सावली. भिंतीचं तोंड पूर्वेला. दुपार सुरू झाली की उन्हाची बाजू मागं जाते आणि सावली गोठ्यावर पसरते ती संध्याकाळपर्यंत. तात्यांच्या गाई होल्स्टीन, काळ्या-पांढऱ्या, थंड मुलखातल्या. आपल्याकडच्या उन्हात त्या धापा टाकतात, खात नाहीत, दूध आटतं. इथं त्या निवांत रवंथ करत बसलेल्या. शेजारी बाज टाकून तात्याही बसलेले. त्यांचं घर खाली रस्त्याला, धोक्याच्या बाहेर; पण माणूस दिवसभर गोठ्यात.

सरांनी गोठा हलवावा लागेल असं नुसतं सुचवलं, तर तात्या म्हणाले, "सायेब, गाई उन्हानं मरतील का दगडानं, ते तुमच्या कॉम्प्युटरला इचारा. त्याला दोनीतलं एक सांगता आलं पायजे."

प्रश्न बरोबर होता. आमचं सॉफ्टवेअर त्यातलं अर्धंच सांगू शकत होतं.

*

आमचा आकडा म्हणजे साधी गोष्ट आहे. खडकाला खाली ओढणारा जोर एका बाजूला, त्याला धरून ठेवणारा जोर दुसऱ्या बाजूला. धरणाऱ्याला ओढणाऱ्यानं भागायचं. उत्तर एकच्या वर आलं तर खडक राहतो, खाली आलं तर येतो. बारकावे पुष्कळ आहेत, पण सगळ्याचा अर्क हा.

सरांनी फटींच्या दिशा होकायंत्रानं मोजल्या, मी त्या कॉम्प्युटरात भरल्या. दोन फटी एकमेकींना छेद देऊन मधे दगडाची एक मोठी पाचर तयार होत होती. तिचा आकडा आला शून्य पॉइंट आठ. मी हादरले. गाडी काढली, थेट गोठ्यावर गेलो. तात्यांना म्हटलं, उठा, हिशोबानं ही भिंत पडते.

तात्यांनी मान वर करून भिंतीकडं शांतपणे पाहिलं. "पडते म्हंजी कवा?"

सर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, या आकड्याप्रमाणे ती आधीच पडलेली आहे.

"मग म्या सावलीत बसलोय ती कुणाच्या?"

विकास तोंड फिरवून हसायला लागला. सर मात्र हसले नाहीत. ते गोठ्याभोवती हिंडले, पत्र्याला बोट लावलं, लोखंडी पाइपांना हात लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. सरांना ऊन सोसत नाही. होकायंत्राच्या सगळ्या नोंदी त्यांनी गोठ्यातल्या सावलीत उभं राहून घेतल्या होत्या. वर लोखंडी पत्रे, बाजूला लोखंडी खांब. सुई बिचारी लोखंडाकडं बघत होती आणि सर तिला उत्तर दिशा समजत होते. माझ्या कॉम्प्युटरात भिंतीची सगळी फटच भलतीकडं कलली होती!

मग सरांनी टोपीवर ओला टॉवेल टाकून, पत्र्यापासून लांब उन्हात उभं राहून सगळ्या नोंदी पुन्हा घेतल्या. तात्या बाजेवरून ते कौतुकानं बघत होते. सावली सोडवत नाही, हे सरांना आता आपोआप कळलं असेल, असं काहीतरी ते गाईला म्हणाले.

*

नवा आकडा आला एक पॉइंट एक. म्हणजे उभी राहील, पण जेमतेम. ग्रामपंचायतीत सरांनी तो जाहीर केला. वाटलं होतं लोक सुटकेचा निःश्वास सोडतील. सगळ्यांचे चेहरे पडले.

मग एक म्हातारे कळवळून म्हणाले, एवढाच? दुसऱ्यानं विचारलं, मागच्या वर्षी किती होता?

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. या गावात सगळे ऊसवाले, सगळे कारखान्याचे सभासद. आकडा, पॉइंट, मग आकडा, असं ऐकलं की त्यांना साखरेचा उताराच आठवतो, शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो. अकराच्या वर उतारा गेला की चर्चा, दहाच्या खाली आला की निषेध. तिथं आम्ही एक पॉइंट एक घेऊन गेलो होतो.

सरांनी फळ्यावर पाचर काढली, बाण काढले, सगळं नीट समजावलं. लोकांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना ते म्हातारे सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "काळजी करू नका सायेब. पुढच्या हंगामाला वाढंल."

*

ड्रोनचं तर विचारू नका. ड्रोन वर गेला की आजूबाजूच्या उसातून विकासला फोन येतात, बिबट्या दिसतोय का बघ म्हणून. नंबर त्यांना कोण देतं देव जाणे. विकासही आता फोनवर सरळ सांगतो, दिसला तर कळवतो.

आम्ही त्या भिंतीचे फोटो एकदा एप्रिलमध्ये घेतले आणि पुन्हा मेमध्ये. अशा शेकडो फोटोंतून कॉम्प्युटर भिंतीचं हुबेहूब त्रिमिती चित्र बनवतो. मग दोन चित्रं एकावर एक ठेवायची. जिथं काही हललं असेल ती जागा लाल होते. इतकं सोपं, इतकं सुंदर. मला हे काम मनापासून आवडतं.

आणि वरच्या एका कंगोऱ्यावर लाल डाग आला! प्रवासी बॅगेएवढा दगड एप्रिलमध्ये होता, मेमध्ये नव्हता. म्हणजे भिंत सुटायला लागली. सरांनी चहा तसाच ठेवला. वाटेत विकासनं गाडी अशी हाणली की सर दोन्ही हातांनी सीट धरून बसले.

खाली पडलेला दगड कुठंच नाही. तात्यांना विचारलं, काही पडल्याचा आवाज आला का? त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. गाईही स्वस्थ. मी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून एप्रिलचा मूळ फोटो मोठा केला. अजून मोठा केला. सर वाकून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"याला दाढी आहे," सर म्हणाले.

कंगोऱ्यावर पाय दुमडून बसलेली काळी शेळी. आमच्या सॉफ्टवेअरनं तिला दगडांत धरलं होतं. फोटो तात्यांना दाखवला. त्यांनी तो बघितला मात्र, आणि चेहरा एकदम कडक केला. म्हणाले, "वरच्यांची हाय."

वरचे म्हणजे कोण, हे आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

*

वरचे म्हणजे आबा. तात्यांचे सख्खे थोरले भाऊ. वाटणीत माळाचा वरचा भाग त्यांना आला, खालचा तात्यांना. खाण तात्यांनी एका ठेकेदाराला दिली होती. सुरुंगांचा हादरा आणि दगडाची धूळ वर्षानुवर्षं आबांच्या पिकावर. त्यावरून जे बोलणं बंद झालं ते बंदच. खाण संपली, धूळ बसली, बोलणं काही सुरू झालं नाही.

आबांनी तळ्यातला गाळ ट्रॅक्टरनं आणून त्या माळावर ऊस केलाय. कड्याच्या काठापर्यंत हिरवागार. आम्ही वर चढलो तर पाटाचं पाणी उसात भरभरून चाललेलं, आणि काठाजवळ जमिनीला एक लांब फट. पाणी गुडगुड करत त्या फटीत जात होतं. सर खाली बसले आणि त्या आवाजाकडं कान देऊन राहिले.

ऑफिसात येऊन मी फटीत पाणी भरून हिशोब पुन्हा केला. एक पॉइंट एकचा आकडा एकच्या खाली गेला. म्हणजे भिंत कोरडी असेल तर राहणार, पाणी मुरलं तर येणार. आणि पाणी होतं आबांच्या हातात.

हे दोघांना एकत्र सांगायचं म्हणून सरपंचांनी दोघांना खाणीवर बोलावलं. दोघं आले. माझ्या दोन बाजूंना हातभर अंतरावर उभे राहिले आणि एकमेकांकडं न बघता माझ्याशी बोलू लागले. आबा म्हणाले, मॅडम, त्याला सांगा, गोठा हलवायला काय होतंय. तात्या म्हणाले, मॅडम, त्यांना सांगा, सावली काय त्यांच्या घरची हाय काय. मी आधी खरंच सांगायचे! इकडचं ऐकून तिकडं तोंड करून तेच वाक्य. थोड्या वेळानं लक्षात आलं की दोघांनाही सगळं ऐकू येतंय. तरी मी थांबले की दोघंही वाट बघायचे. माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं धरायचंच नाही, हा त्यांचा नियम.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. माझा मात्र घसा बसला.

*

आठवडाभरानं आबा एकटेच बारामतीला आले. टोपी, स्वच्छ धोतर, हातात पिशवी. जिना चढून दम लागला होता. म्हणाले, कामानं आलतो, म्हटलं बघावं तुमचा कॉम्प्युटर कसा असतो.

मी त्यांना माझ्याशेजारी खुर्ची दिली. स्क्रीनवर भिंत होती, वर त्यांचा ऊस, खाली तात्यांचा गोठा. आमच्याकडं आणखी एक सॉफ्टवेअर आहे. भिंतीच्या माथ्यावरून ते खोटे दगड सोडतं, एकामागून एक, आणि प्रत्येक दगड कुठं आदळतो, कसा उसळतो, कुठं थांबतो हे रेघांनी दाखवतं. मी ते लावलं. रेघा खाली उतरत गेल्या आणि गोठ्याच्या छपरावर त्यांचा गुंता झाला.

आबा म्हणाले, परत लावा. मी परत लावलं. मग म्हणाले, फटीत पाणी न्हाय असं करा. मी पाणी काढलं, आकडा वर गेला. पाणी घाला म्हणाले, घातलं, आकडा पडला. असं किती वेळा केलं ते सांगत नाही. त्यांचं बोट स्क्रीनवर, गोठ्याच्या शेजारी, जिथं बाज असते तिथं टेकलेलं होतं.

शेवटी त्यांनी विचारलं की फटीपासून किती आत एखादी शेड बांधली तर धोका नाही. मला वाटलं मोटारीसाठी, ठिबकच्या फिल्टरसाठी विचारत असतील. मी अंतर काढून दिलं. ते पाठ केल्यासारखं दोनदा स्वतःशीच म्हणाले.

जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "मी आलतो हे त्याला सांगू नका."

पुढं विकासनं बातमी आणली की आबांनी पाट बंद करून उसाला ठिबक केलं. मला इतका आनंद झाला की मी पेढे आणले. सरांनी पेढा खाल्ला, पण म्हणाले, पावसाला कोण ठिबक लावणार?

*

त्या वर्षी परतीचा पाऊस असा लागला की थांबेचना. चौथ्या दिवशी सकाळी सरपंचांचा फोन आला. "मॅडम, भिंत आली खाली. सगळी पाचर. गोठ्यावरच..." आणि रेंज गेली. परत लावला, लागेना. तात्यांचा फोन बंद.

आम्ही तसेच निघालो. माझ्या डोळ्यांसमोर त्या स्क्रीनवरच्या रेघा होत्या आणि कानात आईचा प्रश्न. दरड पडली होती. आमचं बरोबर ठरलं होतं. मला रडू येत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

खाणीत पोचलो. गोठा नव्हताच. दगडांचा ढीग, त्यातून वाकडे झालेले पत्रे, आणि एका कडेनं बाजेचे दोन पाय वर आलेले. सर गाडीतून उतरले आणि तिथंच दाराला धरून उभे राहिले. मी ओरडले, "तात्या!"

"काय?" आवाज वरून आला.

मी मान वर केली. विकास तर माझ्याही आधी चढायला लागला होता. चिखलात घसरत आम्ही माळावर पोचलो. आबांच्या उसाच्या पलीकडं, फटीपासून मी सांगितलेल्या अंतराच्या दुप्पट आत, एक नवी शेड. वर सावलीची हिरवी जाळी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद, बाजूला बांधलेली नवी गव्हाण. खाली तात्यांच्या सगळ्या गाई, आणि नव्या बाजेवर तात्या. हातभर अंतरावर आबा आमच्याकडं पाठ करून ठिबकची नळी दुरुस्त करत बसलेले.

तात्यांना म्हटलं, कधी आलात इथं? पाऊस लागायच्या आधीच, म्हणाले. सरपंच फोनवर तेच सांगत असतील. मी विचारलं, म्हणजे आबांशी बोलणं झालं?

"न्हाय ओ. त्यांच्या कुंपणाचं फाटक रोज उगडं ऱ्हायचं. एक दिवस गाई शिरल्या. गाई आल्या म्हून मी आलो."

मी आबांकडं गेले. त्यांनी नळीवरून मान वर केली नाही. मी विचारलं, आबा, भांडण मिटलं का?

"कशाला मिटंल?" आबा म्हणाले. "भांडण त्याच्यासंगं हाय. गाईंनी काय केलंय माजं?"

पाऊस पुन्हा वाढला. प्लास्टिकच्या कागदाच्या टोकातून पाण्याची धार तात्यांच्या उशाशी पडायला लागली. आबांनी ती पाहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, त्याला सांगा, बाज आत सरकव म्हनावं. भिजतोय."

मी तात्यांकडं तोंड केलं आणि सांगितलं. तात्यांनी बाज आत घेतली.